प्रयोगशाळेतील काकांस, बारावी विज्ञानच्या तुकडीकडून

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बारावीचा निकाल लागला, गुणपत्रके आणि शाळा सोडल्याचे दाखले हाती आले, आणि आता ज्याने त्याने आपापल्या वाटेला लागायचे, एवढेच उरले आहे. निरोप समारंभात विश्वस्तांचे, मुख्याध्यापकांचे आणि विषयशिक्षकांचे नावानिशी आभार मानले गेले, ते योग्यच झाले. ‘शिक्षकेतर कर्मचारी’ या शब्दाखाली मात्र तुम्हां सगळ्यांना एका वाक्यात उरकण्यात आले, आणि तुम्ही त्या वेळी मागच्या दाराशी उभे राहून सरबताच्या पेल्यांचा हिशेब बघत होता. तुमचे ऋण त्या एका वाक्यात मावणारे नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. आमच्या पालकांनी ते वाचावे आणि आमच्या आधी या शाळेतून बाहेर पडलेल्यांनीही वाचावे, अशी इच्छा आहे.

आमची तुकडी करोनाने अर्धवट घडवलेली. आठवी मोबाईलच्या पडद्यावर गेली. गुजरातेत नववी ते अकरावीचे वर्ग २६ जुलै २०२१ पासून भरू लागले तेव्हाही अर्ध्याच उपस्थितीची मुभा होती आणि दप्तरात पालकांचे संमतीपत्र लागत असे. परिणामी दहावी होईपर्यंत प्रयोगशाळा ही आमच्या दृष्टीने कुलूप लावलेली एक खोली होती, आणि अकरावीत विज्ञान शाखा घेऊन आम्ही तिथे पाऊल टाकले तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी ब्युरेट, म्हणजे तळाशी तोटी असलेली मोजमापाची काचेची नळी, फक्त चित्रात पाहिलेली होती. एप्रन कोरा, हात त्याहून कोरे.

तुम्ही आम्हाला शिकवायचे, असे कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेले नव्हते. सर फळ्यावर समीकरण मांडून जात, आणि पुढचा सगळा वेळ टेबलांच्या रांगांमधून तुम्ही फिरत असा. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून त्याची तीव्रता मोजण्याचा प्रयोग, तुम्ही ज्या रीतीने करवून घेतले, ते आम्ही विसरणे शक्य नाही. आम्लाचे द्रावण आधी कोमट करायचे, आणि ते किती, तर कॉनिकल फ्लास्कच्या तळाला हात लावल्यावर चटका बसेल पण हात लगेच मागे घ्यावा लागणार नाही इतके. ‘थर्मामीटर साठ दाखवेल, पण हातालाही ते कळले पाहिजे,’ असे तुम्ही म्हणत असा. पहिले दोन-चार थेंब रंग सोडायला वेळ लावतात, तेव्हा घाबरून ब्युरेटची तोटी जास्त उघडायची नाही, कारण अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढच्या थेंबांना वेग देतात, हे तुम्ही सांगितले. पुस्तकात ते एका ओळीत आहे. आम्ही ते फ्लास्क गोल गोल हलवत, डोळ्यांनी पाहिले. परमँगनेट इतके गडद असते की द्रावणाच्या पृष्ठभागाचा खालचा बाक दिसतच नाही, म्हणून इथे वरच्या कडेवरून वाचन घ्यायचे, हेही तुमच्याकडूनच कळले. नंतर एका ट्यूशनमध्ये भल्या मोठ्या फीच्या बदल्यात आम्हाला नेमके उलटे सांगितले गेले, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

जर्नलचा विषय निघाला की आजही हसू येते. सीनियरांचे जर्नल मिळवायचे, त्यातली रीडिंग्ज उतरवायची आणि सही घ्यायची, ही पद्धत शहरातल्या कोणत्याही शाळेला नवी नाही. तुम्ही त्यावर कुणाला रागावला नाहीत, तक्रारही केली नाहीत. तुम्ही फक्त दर वर्षी, आणि कधी कधी तर दर बॅचला, द्रावणाची संहती, म्हणजे तीव्रता, किंचित बदलून ठेवत होता. गेल्या वर्षीचे उत्तर या वर्षी जुळणारच नाही, अशी ती व्यवस्था होती. खरे उत्तर तुमच्या खिशातल्या छोट्या वहीत असे, आणि जुळलेली दोन रीडिंग्ज घेऊन आम्ही आलो की ती वही उघडून तुम्ही केवळ मान हलवत असा. फरक एक दशांश मिलिलिटरपेक्षा जास्त असला तर ‘पुन्हा एकदा ब्युरेट भरा’ एवढेच म्हणायचे. बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अनोळखी द्रावण पुढे ठेवले, तेव्हा आमच्या तुकडीचे हात का थरथरले नाहीत, याचे उत्तर त्या वहीत आहे.

एप्रनवर परमँगनेटचे तपकिरी डाग पडले आणि एक मुलगी घरी आईला काय सांगू म्हणून रडकुंडीला आली, तो दिवसही सांगायला हवा. तुम्ही आम्लमिश्रित ऑक्झॅलिक द्रावणाचे काही थेंब कापसाने डागावर लावलेत, डाग आमच्यासमोर विरघळून गेला, आणि लगेच भरपूर पाण्याने कापड धुवायला लावलेत. जे फ्लास्कमध्ये चालले होते तेच कापडावर घडते आहे, हे आम्हाला तेव्हा उमगले. त्यावरून तुम्ही त्रिभुवनदास गज्जरांची गोष्ट सांगितलीत. मुंबईतला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा कुणीतरी डांबराने माखला होता आणि तो डाग काढणारे हे रसायनशास्त्रज्ञ आपल्या बडोद्याच्या कलाभवनाचे होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या कलाभवनात रंगकामाचे रसायनशास्त्र शिकवले जाई आणि दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी होते, हेही त्याच ओघात आले. दांडिया बाजारातून रोज त्या वास्तूकडे बघत शाळेला येणाऱ्या आमच्यापैकी अनेकांना तोवर ती इमारत म्हणजे फक्त इंजिनिअरिंगचे कॉलेज वाटत असे. तुम्ही मात्र घरातल्या एखाद्या आजोबांविषयी बोलावे तसे गज्जरांविषयी बोलत होता.

आता २०२४ च्या ऑगस्टविषयी. हे लिहिलेले तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहितो. २६ ऑगस्टला जन्माष्टमीची सुट्टी होती आणि पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पुढे ती ३५ फुटांच्याही वर गेली, आणि सोसायट्यांमध्ये मगरी आल्याच्या बातम्या घरोघरच्या मोबाईलवर फिरू लागल्या. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर. त्या सुट्टीच्या सकाळी तुम्ही पहारेकऱ्याला आणि एका शिपायाला सोबत घेऊन शाळेत गेलात आणि सर्वांत आधी रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेल्या सोडियमची बाटली वरच्या मजल्यावर नेलीत, मग संहत सल्फ्युरिक आम्लाचे कॅन, मग सूक्ष्मदर्शक, आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही. पाण्याशी गाठ पडली तर कोणती वस्तू काय करील, याचा क्रम तुमच्या डोक्यात तयार होता. पाणी आले ते आमच्या कमरेच्या उंचीचे आले. कपाटांची खालची फळी गेली, लाकडी स्टूल फुगले, पण आग लागली नाही आणि कुणाला इजाही झाली नाही.

पाणी ओसरल्यावर आम्ही पाट्या-खराटे घेऊन गाळ काढायला आलो, तेव्हा तुम्ही वाकून एकेक टेस्ट ट्यूब ब्रशने घासत होता. गणपतीचे विसर्जन होण्याआधी आमची प्रात्यक्षिके पुन्हा सुरू झाली होती. तुमच्या स्वतःच्या घरातही त्याच दिवसांत पाणी शिरले होते आणि काकूंना दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढाव्या लागल्या होत्या, हे आम्हाला दिवाळीच्या सुट्टीनंतर पहारेकऱ्याकडून समजले. तुम्हाला विचारले तेव्हा तुम्ही ‘सगळ्यांकडेच होते’ म्हणून विषय बदललात आणि पिपेट उलटी धरल्याबद्दल एकाला बोलायला लागलात.

गेली दोन वर्षे तुम्ही आमच्याशी मराठीत, इतरांशी गुजरातीत आणि कंटाळलेल्या बाहेरच्या परीक्षकांशी हिंदीत बोलत राहिलात, आणि कुणाला परके वाटू दिले नाहीत. आमच्यातले काहीजण आता महाराजा सयाजीराव विद्यापीठात विज्ञान शाखेला जातील, काहींचे गुजकेट या राज्याच्या प्रवेश परीक्षेतले गुण पाहता त्याच कलाभवनाच्या इमारतीत त्यांना जागा मिळावी अशी आशा आहे, दोघी फार्मसीला जात आहेत, आणि एकाने सगळ्यांना चकित करून वकिलीची वाट धरली आहे. तोही म्हणतो की पुरावा जसा आला तसा लिहायची सवय त्याला तुमच्या टेबलाशी लागली. त्याच्या बोलण्यात थोडी वकिली आतापासूनच आली आहे, पण ही गोष्ट खरी आहे.

निरोप समारंभासाठी काढलेल्या वर्गणीतून काही रक्कम उरली होती. तिची भेटवस्तू आणली तर तुम्ही ती घेणार नाही, याची खात्री असल्यामुळे आम्ही टेफ्लॉनच्या तोटीच्या सहा ब्युरेट घेतल्या आहेत. काचेच्या जुन्या तोट्या अडकल्या की व्हॅसलीन लावून त्या सोडवण्यात तुमची अर्धी दुपार जात असे, ती तरी आता वाचावी. खोके भांडारातल्या वरच्या फळीवर ठेवले आहे आणि पावती मुख्याध्यापकांकडे दिली आहे, तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करायला अडचण येऊ नये. शाळेच्या वार्षिक अंकात प्रयोगशाळेच्या पानावर तुमचे नाव आणि छायाचित्र यावे, असा सर्वांच्या सह्यांचा अर्जही आम्ही त्यांच्याकडे दिला आहे. छायाचित्र काढायला आमच्यापैकी कुणीतरी येईल. त्या दिवशी कृपया रजा टाकू नये.

काकूंना आमचा नमस्कार सांगावा.

आपले कृतज्ञ विद्यार्थी,
बारावी विज्ञान, २०२४-२५
वडोदरा