शिळेवर यादी एकच असू द्या

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

गावातल्या लढलेल्यांच्या आठवणीसाठी वेशीवर बसवायच्या शिळेचा मजकूर वाचला. बाबा, दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेलेल्यांची नावं गाळू देऊ नका. ‘ते इंग्रजांसाठी लढले’ एवढ्यावर निकाल लावणं अन्यायाचं आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला ‘चले जाव’ चळवळीतल्या वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे पडले. त्याच काळात आपल्या दुष्काळी टापूतल्या घरांत शिपायाची मनीऑर्डर येत होती. महिन्याला सोळा-अठरा रुपये पगार, पण रोख. तेव्हा पुढाऱ्यांचंही एकमत नव्हतं. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ मध्ये राजीनामे दिले, सावरकर भरती व्हा म्हणत होते, आणि आंबेडकरांच्या प्रयत्नांनी १९४१ मध्ये बेळगावात महार पलटण उभी राहिली. मग विशीतल्या पोराला एकट्याला का दोष द्यायचा?

आता नावं शोधायचं. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत फक्त मृतांची नावं आहेत, ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतची. परत आलेला माणूस तिथे सापडणार नाही, म्हणून तो लढलाच नाही असं समजू नका. आडनाव इंग्रजीत कसं पडलंय सांगता येत नाही. घाडगे, घाटगे, गाडगे, सगळं टाकून बघा. मराठा पलटणीच्या जुन्या इंग्रजी नावात ‘मराठा’चं स्पेलिंग वेगळं आहे, Mahratta. जिल्हा सातारा असला तरी गाव आजच्या सांगलीतलं असू शकतं, तो जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला. आणि थडगं नाही म्हणून नोंद खोटी ठरत नाही. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

परतलेल्यांसाठी डिस्चार्जचा कागद बघा, त्यावर शिपाई नंबर असतो. तो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पेन्शन नव्हती म्हणून कुणाला खोटं पाडू नका. पंधरा वर्षं भरली नाहीत तर शिपायाला पेन्शन बसत नसे, आणि लढाई संपल्यावर ज्यांना घरी पाठवलं त्यातल्या बहुतेकांची ती भरलेली नव्हती. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन मिळाली, आझाद हिंदवाल्यांनाही. पलटणीतून परतलेल्यांच्या घरात उरली ती पदकं. गावातली जुनी तेढ मला तिथेच दिसते.

इंग्रजांच्या गणवेशातल्या माणसांविषयी लोकांचं मन कायम तसंच राहिलं नव्हतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिक इंग्रजांविरुद्ध उठले. पुढारी त्यांना शरण जा म्हणत होते, तरी मुंबईकरांनी गेटवेवर त्यांच्यासाठी जेवण आणून दिलं. गणवेश इंग्रजांचाच होता.

शिळेवर दोन रकाने करू नका. आडनावाच्या क्रमाने एकच यादी, आणि नावापुढे पलटण किंवा ‘भूमिगत’. शहीद हा शब्द मृतांपुरताच. कोरायला देण्याआधी कागदावरचा मजकूर प्रत्येक घराला वाचून दाखवा, सही घ्या; दगडावरची वेलांटी मागाहून दुरुस्त होत नाही.

आई, ट्रंकांतले ते डिस्चार्जचे कागद घडीवर फाटलेले असतील. चिकटपट्टी लावू देऊ नकोस, शाई उचलून येते. उजेडात, सावली न पाडता, दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठव.

तुमची लेक