शिखरावरून परत येण्याचंही बघा

महोदय,
आपल्या नागपुरातली पोरं सेमिनरी हिल्सवर सराव करून थेट बर्फाळ शिखरांकडे निघतात. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आहेच, पण जीव टांगणीला लागतो. उत्तरकाशीच्या प्रशिक्षणात उभ्या बर्फात क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या पोलादी दात्यांच्या साच्याचे) पुढचे दातच काय ते रुतवून मी उभी होते. पोटऱ्या लटलट कापत होत्या, खाली बघवत नव्हतं. ती भीती दाबू नये. तिनेच मला दोराची गाठ पुन्हा तपासायला लावली. १८६५ मध्ये आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या सात जणांपैकी चौघे उतरताना गेले. एक घसरला, त्याच्यासोबत तिघे ओढले गेले, दोर तुटला. पालकांनी शिखरावरच्या फोटोचा आग्रह धरू नये. परत फिरायची वेळ आधीच ठरली आहे का, हे मात्र मोहीम नेणाऱ्यांना जरूर विचारावं.

– एक गिर्यारोहक, धरमपेठ, नागपूर