नातीचे पहिले क्लॅरिनेट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपली की पुण्यातील अनेक घरांत एखादे मूल वाद्यासाठी हट्ट धरून बसते. बहुतेकांना ढोल किंवा ताशा हवा असतो. आमच्या दहा वर्षांच्या नातीने गेल्या वर्षी मागितले ते क्लॅरिनेट. लक्ष्मी रस्त्यावरून प्रभात बँड पुढे सरकत असताना ती वादकांच्या बोटांकडे एकटक पाहत होती, आणि घरी येताच तिने विचारले, ‘‘आजोबा, तुम्ही हेच वाजवायचात ना?’’ मी तरुणपणी वीस-बावीस वर्षे लग्नसराईच्या बँडमध्ये हे वाद्य वाजवले आहे (आम्ही सारे त्याला ‘क्लॅरोनेट’च म्हणत असू) आणि क्लॅरिनेटवादक मास्टर इब्राहिम यांच्या तबकड्या ऐकून सिनेगीतांच्या हरकती घोटल्या आहेत. असे असूनही नातीचे पहिले वाद्य निवडताना आमच्या घराने एकामागून एक दोन चुका केल्या, आणि त्यांतील एक निखालस माझी होती. यंदाही काही घरांत हाच हट्ट सुरू झाला असेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिली चूक आमच्या जावईबापूंची. त्यांनी मोठ्या हौसेने, मला न विचारता, इंटरनेटवरून साडेसहा हजार रुपयांचे कोरे करकरीत क्लॅरिनेट मागवले. निळीशार नळी, चांदीसारख्या चकाकणाऱ्या चाव्या, मखमली अस्तराची पेटी, सोबत हातमोजे आणि पुसायचे फडकेसुद्धा. पोर हरखून गेली. तीन आठवडे ती रोज संध्याकाळी गाल फुगवून फुंकत होती आणि वाद्यातून एक तर नुसती हवा येत होती, नाही तर कानठळ्या बसवणारी किंचाळी. चौथ्या आठवड्यात तिने पेटी पलंगाखाली सरकवली आणि आईला सांगितले की मला हे जमणार नाही. मी ते वाद्य हाती घेऊन वाजवून पाहिले तेव्हा माझ्याही फुंकेला खालचे चार सूर लागेनात, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की दोष मुलीत नव्हताच, ते वाद्यच गळके होते.

क्लॅरिनेटचे दुखणे बहुतेक वेळा याच ठिकाणी असते आणि ते वरून दिसत नाही. बासरीची भोके बोटांनी झाकली जातात. क्लॅरिनेटमध्ये बोटांखालच्या भोकांखेरीज आणखी अनेक भोकांवर पॅड, म्हणजे मऊ गादी, लावलेल्या चाव्या बसतात, आणि सर्वांत खालचा सूर वाजायचा तर ही सगळी भोके एकाच वेळी हवाबंद व्हावी लागतात. वरच्या बाजूचे एक पॅड केसभर जरी तिरके बसले तरी तिथून हवा निसटते आणि त्याखालचे सारे सूर डळमळू लागतात. जाणता वादक ओठांचा दाब वाढवून, जास्त फुंकून कसाबसा निभावून नेतो. नवशिक्या मुलाजवळ ती सोय नसते. ते बिचारे ओठ घट्ट आवळते, रीडवर (तोंडात धरायच्या माउथपीसवरच्या पातळ पट्टीवर) दात रोवते आणि वाईट सवयी लावून घेते. वाद्य अजिबात न वाजणे परवडले, कारण मग मोठी माणसे ते दुरुस्तीला तरी नेतात. अर्धीमुर्धी वाजणारे क्लॅरिनेट मात्र मुलालाच नालायक ठरवते.

गळती ओळखण्यासाठी उस्ताद असावे लागत नाही. वाद्याचा वरचा तुकडा सुटा करावा, डाव्या हाताची बोटे भोकांवर आणि अंगठा मागच्या भोकावर ठेवावा, खालचे तोंड दुसऱ्या हाताच्या तळव्याने बंद करावे आणि वरच्या टोकाने हवा ओढून घ्यावी. वाद्य धड असेल तर आत निर्वात होऊन ते ओठांना चिकटल्यासारखे वाटते आणि ती पकड चार-पाच सेकंद टिकते. लगेच सुटली तर कुठेतरी गळती आहे. ती नेमकी कुठे आहे हे शोधायला आमच्या बँडमधले वयस्कर कारागीर पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी वापरत. पॅडखाली ती पट्टी ठेवायची, चावी हलकेच दाबायची आणि पट्टी ओढायची. चारही बाजूंना ती सारखीच अडकली पाहिजे. दुकानदार अशी तपासणी करू देत नसेल तर ते दुकान सोडावे, मग भाव कितीही उतरवून मिळो.

जावईबापूंच्या वाद्याची पॅडे बदलून घ्यावीत म्हणून मी ते ओळखीच्या कारागिराकडे नेले. त्याने एक चावी चिमटीत धरून जरा वाकवली आणि ती चक्क मोडली. चांगल्या क्लॅरिनेटच्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या असतात आणि त्यावर निकेलचा किंवा चांदीचा मुलामा असतो. पडझडीत त्या वाकल्या तरी पुन्हा सरळ करता येतात. स्वस्त वाद्यांत मऊ, ठिसूळ, ओतीव धातू वापरलेला असतो. अशा वाद्याची दुरुस्ती होत नाही, त्यामुळे त्याचे पैसे वसूल होण्याचाही प्रश्न उरत नाही.

आता माझी चूक. जावयांचे पैसे बुडाले या किंचित समाधानात मी माळ्यावरून माझे स्वतःचे जुने क्लॅरिनेट काढले. मेरठचे, शिसवी लाकडाचे, तेरा चाव्यांचे. मेरठच्या जली कोठी भागातून देशभरच्या बँडना वाद्ये जात आली आहेत, त्यांतलेच हे एक. मी त्याची पॅडे बदलून घेतली, ते मऊ सुरात वाजूही लागले आणि मी ते नातीच्या शिक्षकांपुढे अभिमानाने ठेवले. त्यांनी नम्रपणे सांगितले की काका, वाद्य सुरेख आहे, पण मी हिला यावर शिकवू शकणार नाही. कारण साधे होते. मी वाजवलेले वाद्य चाव्यांच्या मांडणीच्या जुन्या पद्धतीचे होते. आज बहुतेक ठिकाणी शिकवली जाते ती बोहम पद्धत, जी पॅरिसमध्ये ह्यासिंत क्लोझे या वादकाने आणि ब्युफे या कारागिराने १८३९ ते १८४३ या काळात सिद्ध केली; तिच्यात सतरा चाव्या आणि सहा कड्या असतात आणि कित्येक सुरांची बोटे निराळी पडतात. शिकवणीची पुस्तके तिचीच, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा देणारी मुले तिच्यावरच शिकलेली. माझ्या पिढीच्या बँडवाल्याला हे ऐकून वाईट वाटते, आणि मींड-गमक काढायला जुनी, मोकळ्या भोकांची पद्धत हाताला बरी पडते असे मला अजूनही वाटते. पण नातीला शिकवणार तिचे शिक्षक होते, मी नव्हे. वाद्य घेण्याआधी शिक्षक ठरवावा, हा धडा मला वयाच्या सत्तरीनंतर मिळाला.

माळ्यावरच्या किंवा जुन्या बाजारातल्या क्लॅरिनेटबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. इंग्रजी लष्करी बँडची जुनी वाद्ये आजच्यापेक्षा चढ्या पट्टीत बांधलेली असत आणि त्यांतील काहींवर रोमन लिपीत ‘एचपी’ अशी अक्षरे कोरलेली आढळतात. आज ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात; त्या वाद्यांत तो साधारण ४५२ च्या घरात जातो. ते दुरुस्त करून हा फरक निघत नाही. असे वाद्य शोकेसमध्ये शोभून दिसते, पण इतरांबरोबर वाजवता येत नाही.

पट्टीवरून आठवले, पेटीवर शिकलेल्या मुलांच्या घरी आणखी एक गोंधळ होतो. नवशिक्यांना दिले जाते ते बी फ्लॅट क्लॅरिनेट. पुस्तकात लिहिलेला ‘सी’ (पेटीवर पांढरी एक) त्यावर वाजवला की ऐकू येते ती पेटीची काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट. आमच्या मुलीला वाटले की नवे वाद्यही बिघडलेलेच आले. ते बिघडलेले नसते, त्या वाद्याची लेखनाची रीतच तशी आहे. दुसरी अडचण खरोखर अवघड आहे: बासरी जोरात फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात लागतो, क्लॅरिनेटची वरची चावी दाबली की मात्र खालच्या ‘सा’चा थेट वरच्या सप्तकातला ‘प’ होतो. त्यामुळे वरच्या सुरांसाठी बोटे नव्याने शिकावी लागतात. पहिल्या वर्षी मूल इथे अडखळतेच, आणि वाद्य गळके असेल तर इथेच ते सोडून देते.

मग काय घ्यावे? माझे मत स्पष्ट आहे. नव्या स्वस्त वाद्यापेक्षा नामांकित कंपनीचे, विद्यार्थ्यांसाठी बनवलेले, वापरलेले वाद्य घ्यावे आणि पॅडे, कॉर्क व स्प्रिंगा तपासून घेण्यासाठी काही पैसे बाजूला ठेवावेत. यामाहाचे २५० किंवा २५५ या क्रमांकाचे, ब्युफेचे बी १२, ज्युपिटरचे साधे मॉडेल, यांपैकी काहीही चालेल. ही सारी प्लास्टिकची आहेत, आणि ‘प्लास्टिक’ या शब्दाने नाक मुरडण्याचे कारण नाही. व्यावसायिक वादक वापरतात ते आफ्रिकन ब्लॅकवूड हे आपल्या शिसवीच्याच कुळातले लाकूड आहे; त्याचा आवाज भरदार असतो, पण कोरड्या-दमट हवेच्या हेलकाव्यांत ते तडकू शकते आणि नवे असताना रोज थोडा थोडा वेळच वाजवावे लागते. मेमध्ये गाडीच्या डिकीत विसरले जाणारे आणि जूनमध्ये पावसात भिजून शाळेतून परतणारे वाद्य प्लास्टिकचेच असलेले बरे. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्याही स्प्रिंगांना गंज चढतो आणि रीडवर बुरशी येते, म्हणून वाजवून झाल्यावर आतून फडके ओढणे आणि रीड काढून कोरडी ठेवणे ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी.

मूल फार लहान असेल तर घाई करू नये. पुढचे कायमचे दात आलेले असावेत, कारण माउथपीस त्यांवर टेकतो. उजव्या हाताची बोटे खालच्या तुकड्याची भोके पूर्ण झाकतात का आणि करंगळी चाव्यांपर्यंत पोहोचते का, हे दुकानातच पाहावे. वाद्याचा जवळजवळ सगळा, म्हणजे पाऊण किलोच्या आसपासचा भार उजव्या अंगठ्यावर येतो, तेव्हा गळ्यातला पट्टा घेण्यात कमीपणा मानू नये. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी पांढरी एकमध्ये वाजणारी, वजनाला हलकी प्लास्टिकची छोटी क्लॅरिनेटे निघाली आहेत. ती चांगली सुरुवात आहे. ‘छोटे आहे, मुलांसाठीच आहे’ असे सांगून कोणी काळी दोनचे, म्हणजे ई फ्लॅट क्लॅरिनेट गळ्यात मारू लागला तर मात्र घेऊ नये. बँडमध्ये ते वाद्य आम्ही सर्वांत अनुभवी वादकाच्या हाती देत असू, कारण ते सुरात ठेवणे सर्वांत कठीण.

रीडबद्दल थोडेच लिहितो. दीड किंवा दोन क्रमांकाची, म्हणजे नरम, घ्यावी, एकच झिजवण्यापेक्षा तीन-चार आलटून पालटून वापराव्यात आणि भावंडांत त्या वाटून घेऊ नयेत. वाद्य जोडताना सांध्याला कॉर्क ग्रीस लावावे, खोबरेल तेल नव्हे, आणि दोन तुकड्यांना जोडणारी चावी वर उचलून धरावी. मुलांच्या हातून वाद्ये मोडतात ती पडण्यापेक्षा या जोडणीत अधिक. पुढे पैसे खर्च करायचेच असतील तर वाद्य बदलण्याआधी माउथपीस चांगला घ्यावा, त्याने आवाजात पडणारा फरक मुलाला स्वतःलाच ऐकू येतो.

आपल्या दैनिकामार्फत एक विनंती करावीशी वाटते. अमेरिकेत शाळांच्या बँडमुळे वाद्ये महिन्याच्या भाड्याने देण्याची चाल रुजली आहे. मूल टिकले तर भाडे किमतीत वळते होते. आपल्याकडे तसे दुकान शोधावे लागते. पण आपल्या कितीतरी शाळांच्या बँडपथकांची जुनी क्लॅरिनेटे कपाटांत कुलूपबंद पडून आहेत आणि पॅडांना कीड-बुरशी लागून निकामी होत आहेत. अनामत रक्कम घेऊन ती त्याच शाळेच्या मुलांना वर्षभरासाठी घरी दिली, तर वाद्येही वाजती राहतील आणि पालकांना साडेसहा हजारांचा मोह होणार नाही. दुरुस्तीचे हात पुण्यात अजून शिल्लक आहेत. त्यांना काम हवे आहे.

आमच्या नातीला अखेर एका निवृत्त वादकाने वापरलेले प्लास्टिकचे वाद्य मिळाले. पॅडे बदलून आणून दिल्यावर तिने खालचा सूर लावला, आणि तो लागताच दचकून वाद्य तोंडातून काढले, कारण आपल्याकडून असा आवाज निघेल अशी तिला अपेक्षाच नव्हती. निळे क्लॅरिनेट आता आमच्या कपाटावर आहे. ते निम्म्या किमतीत इंटरनेटवरच विकून टाकावे, असे जावईबापू अधूनमधून सुचवतात. ते दुसऱ्या कोणा मुलाच्या हाती जाईल म्हणून मी अद्याप विकू दिलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँडवादक, पुणे