स्टे आणायचा तर तयारीने

महोदय,

वादातल्या जागेत शेजाऱ्याने पाया खणायला घेतला की पहिला सल्ला ठरलेला: ‘कोर्टातून स्टे आण.’ जणू तो झेरॉक्ससारखा काउंटरवर मिळतो! दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत काम थांबवण्याचा अर्ज (वकिलांच्या तोंडी ‘निशाणी ५’) द्यावा लागतो. प्रथमदर्शनी हक्क, कुणाची गैरसोय जास्त आणि भरून न निघणारे नुकसान, या तिन्ही गोष्टी शपथपत्रासह पटवाव्या लागतात. नुसती ‘अन्याय होतोय’ ही ओरड पुरत नाही. मालकीचे कागद, मोजणीचा नकाशा, खोदकामाचे फोटो हाताशी हवेत.

समोरच्याला न ऐकता हुकूम मिळालाच, तर अर्ज व कागदपत्रांच्या प्रती त्याला लगेच पाठवून त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तसे शपथपत्र द्यायचे असते. असा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ मध्ये आहे. पण एकतर्फी हुकूम खिशात असलेल्यालाच पुढच्या तारखा हव्याशा वाटतात, ही खरी मेख. अशा अर्जांना रोजच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) अग्रक्रम मिळावा. आणि आपल्याविरुद्ध मनाई येण्याची कुणकुण लागलेल्याने आधीच कॅव्हेट (‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये’ अशी न्यायालयाला आगाऊ सूचना) दाखल करावे. ते ९० दिवस चालते.

– एक वाचक