डोंग्याच्या काठावर बसू नये

चि. वैशाली हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी जे बोललो ते आधी मागे घेतो. तू दिवसभर चिखल तुडवून आलेली असताना "राजीनामा दे आणि घरी ये" असे ओरडणे मला शोभले नाही. तू फोन ठेवलास त्याचा मला राग नाही. तुझी आई म्हणाली की रेंज गेली असेल, आणि मीही मान डोलावली. त्यानंतर दोन दिवस फोन लागलाच नाही, म्हणून हे पत्र लिहून पार्सलातच घालत आहे. पाण्याचा विषय या पत्रात काढायचा नाही असे मनाशी ठरवले आहे.

घरी सर्व ठीक आहे. पावसाने ओढ दिल्याने धानाचे पऱ्हे दोनदा टाकावे लागले, पण रोवणी आटोपली. कपिली व्याली, गोऱ्हा झाला. आजीचा गुडघा आहे तसाच आहे. तू सांगितलेले तेल ती लावते आणि लावत नाही म्हणून सांगते. पोळ्याला तुला सुटी मिळणार नाही हे तिला अजून कळवलेले नाही.

आता त्या फोटोविषयी. शेजारच्या मुलाने तो मोबाइलवर मोठा करून दाखवला आणि मी चष्मा पुसून तीन वेळा पाहिला. पामुलगौतम नदी दुथडी भरलेली, पाणी दुधाच्या चहाच्या रंगाचे, डोंगा एका खोडातून कोरलेला आणि अरुंद, मागे नावाडी उभा, पुढे दोन बाया आणि एक लेकरू, मध्ये तू, मांडीवर लसींचा निळा डबा, डब्याचा पट्टा गळ्यात, आणि बसलीस कुठे, तर डोंग्याच्या काठावर. चेहऱ्यावर हसू. आजी म्हणाली, "अगदी आजोबासारखी बसली." तिला आता नीट दिसत नाही. तुझे आजोबा जन्मात असे बसले नसते.

डोंग्याचा तळ गोल असतो. वजन वर गेले की तो लोळतो, म्हणून माणसाने तळाशीच बसावे, मांडी घालून किंवा पाय लांब करून, आणि हात काठावर टेकू नये, आपल्याच गुडघ्यावर ठेवावा. पायातले बूट काढून ठेवावेत. पट्टा गळ्यात कधीही घालू नये, ओढणी कमरेला गाठ मारून बांधू नये, आणि पलीकडचा काठ जवळ आला की सगळे एकदम उठतात तेव्हा आपण बसून राहावे, कारण आजोबा म्हणत की माणूस मधल्या धारेत क्वचित बुडतो, उतरायच्या घाईत बुडतो. विषय काढायचा नाही असे वर लिहिले होते, ते मी विसरलो नाही. मास्तरकीची खोड आहे. वर्ग सुटला तरी मास्तर फळ्यासमोरून हटत नाही. क्षमा कर.

खरे सांगायचे तर फोटो पाहून मला भीतीच्या आधी आपला नावेचा घाट आठवला. तू तो घाट पाहिलास, पण नावेतून पाहिला नाहीस, आणि मी लहान होतो तेव्हा आम्ही त्याला दुसऱ्या बाजूने पाहिलेलेच नव्हते. आम्ही नेहमी पाण्यातच असायचो. अलीकडे पवनीचा बाजार, पलीकडे कुहीकडची गावे, आणि दोहोंच्या मध्ये वैनगंगा आणि तुझे आजोबा. माणशी दहा पैसे, सायकलचे वेगळे पाच; आणि ज्या घरांचे जाणे-येणे रोजचे असे, त्यांच्याकडून पैसे नाहीत, धान निघाल्यावर पायलीने धान. रात्री पलीकडून हाक आली की आजोबा उठत, कंदील वर करत आणि तीन वेळा हलवत. त्याचा अर्थ, ऐकले, थांबा. कोणाची हाक आहे हे त्यांना आवाजावरून कळे. बाळंतीण असेल तर ते चप्पलही घालत नसत.

बैलगाडी उतरवायची असेल तर चाके काढून दोन डोंगे बांबूंनी एकमेकांना बांधत आणि त्यावर गाडी ठेवत. बैल पोहत येत आणि त्यांच्या शेपट्या धरून आम्ही पोरे. उन्हाळ्यात नदी आकसली की तीच नदी आमचे शेत होई. वाळूत खड्डे करून, शेणखत घालून आम्ही डांगर आणि टरबूज लावत असू, आणि रात्री कोल्हे येऊ नयेत म्हणून मी आणि धाकटा भाऊ देवा वाळूतच झोपत असू. वैनगंगेच्या वाळूतल्या डांगराचा वास बाजारातल्या कोणत्याही फळाला येत नाही. तुझी आई म्हणते की हा म्हाताऱ्यांचा भ्रम आहे. असो.

एक पहाट मात्र भ्रम नाही. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस होते आणि पलीकडच्या गावात रात्रभर नाटक झाले होते. पहाटे धुक्यात हाक आली. वडशाकडची नाटकमंडळी होती, त्यांना बैलगाड्या गाठायच्या होत्या. पडद्यांच्या गुंडाळ्या, तबल्याची जोडी, पेटी, असे सगळे आजोबांनी मापून दोन बाजूंना लावले, मग माणसे बसवली. राजाचे काम करणारा माणूस पेटीवर डोके टेकून झोपी गेला. त्याने दाढी काढलेली होती, पण गालावरचा लाल रंग तसाच होता, आणि धुक्याचे पाणी पडून तो रंग हळूहळू मानेवर उतरत होता. मी वल्हे मारायचे विसरून त्याच्याकडेच पाहत राहिलो. उतरल्यावर त्यांच्या मालकाने पैसे पुढे केले तर आजोबा म्हणाले, "राजाकडून उतराई घेत नसतात." मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि जगात नावाड्याहून मोठा माणूस नाही अशी माझी खात्री होती.

हे सगळे तुला ठाऊक नाही असे नाही. पण तू वाढलीस ती पुनर्वसनाच्या गावठाणात, जिथे सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, एक टाकी आणि दोन हातपंप आहेत आणि नदी नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे कुठल्या कुठे गेला. आजोबांना मी समजावून सांगत होतो की मोठे धरण होईल, तेहतीस दरवाजे असतील, उजवा कालवा ९९ किलोमीटर जाईल, लाखो हेक्टर धान भिजेल. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले की एवढे पाणी अडवल्यावर पात्र रुंद होईल, म्हणजे नाव मोठी लागेल ना? मी त्यांना हो म्हटले. त्या एका "हो"चे मला अजून वाईट वाटते.

पाणी चढू लागले तेव्हा तू चौथीत होतीस. डोंगा आम्ही ट्रॅक्टरवर घालून इकडे आणला, हे तुला आठवत असेल, कारण तू त्यात बसून आलीस आणि या नोकरीआधी डोंग्यात बसलीस ती तेवढीच, रस्त्यावरून. आता त्यात कपिलीला कुटार आणि ढेप घालतो. एका टोकाला फट पडली होती तिथे आजोबांनी चिंध्या आणि डांबर भरलेले आहे, ते अजून टिकून आहे. गाय तिथे चाटते आणि मान झटकते.

तुला मी पाण्यात उतरू दिले नाही. सातवीच्या सहलीला नवेगावबांधच्या तलावात नावेतून फिरवणार होते, म्हणून मी संमतिपत्रावर सही केली नाही, आणि नावाड्याच्या नातीला नावेत बसायची बंदी म्हणून मुली तुला हसल्या. त्यावर तू तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. कारण मी कधी सांगितले नाही. भिंतीवरच्या देवाकाकाच्या फोटोला तू दसऱ्याला हार घालतेस, तेच कारण आहे.

नागभीडकडे मामाच्या गावाजवळून घोडाझरी तलावाचा नहर, म्हणजे कालवा, जातो. तो तलाव इंग्रजांच्या काळातला. पावसाने दडी मारली आणि धान गर्भात आले की नहराला पाणी सोडत, आणि त्या आठ-दहा दिवसांत अख्ख्या गावाला झोप नसे. पाणीपाळी रात्रीची आली की मोठी माणसे कंदील आणि फावडी घेऊन धुऱ्यांवरून फिरत. कोणी कोणाचे पाणी फोडले यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. आम्हा पोरांना मात्र तो सण होता. सुका भोपळा कमरेला बांधून नहरात उतरायचे आणि पुलापर्यंत वाहत जायचे. रस्त्याखाली एक मोरी होती. तिच्या एका तोंडातून आत शिरायचे आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर यायचे, असा आमचा खेळ होता. भोपळा काढून ठेवावा लागे, कारण तो वर ओढतो. त्या दिवशी आधी मी गेलो. बाहेर आल्यावर मीच ओरडून म्हणालो, "देवा, ये, काही नाही." आत कुठून तरी झाडाची फांदी वाहत येऊन अडकली होती. मी अंगाने बारीक होतो म्हणून तिच्या खालून निघालो असेन; तो माझ्याहून वर्षभराने लहान, पण अंगाने मोठा होता.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. आजोबांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडून हाक आली तेव्हा ते कंदील घेऊन उठले. पण मी पुन्हा वल्हे हातात धरले नाही. पुस्तके धरली आणि मास्तर झालो. लोक त्याला प्रगती म्हणतात.

तेव्हा तू जे करतेस ते मला कळत नाही असे समजू नकोस. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्दचे सगळे दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी-लाखांदूरकडची गावे पाण्यात गेली, तेव्हा तू नर्सिंगची विद्यार्थिनी होतीस आणि शिबिरात जायचे म्हणून आईशी भांडून निघालीस. मी तोंडाने नाही म्हणालो आणि गाडीभाडे मात्र गुपचूप तुझ्या पिशवीत ठेवले. आज कोणी विचारले की मुलगी काय करते, तर मी सांगतो की भामरागडला आहे, पूर असला तरी पलीकडच्या लेकरांना लस द्यायला जाते. समुदाय आरोग्य अधिकारी हा शब्द मी पूर्ण उच्चारतो. मग घरी येऊन रात्रभर पडून राहतो, कारण मला तिथल्या पर्लकोटा नदीचा पुरात बुडालेला पूल दिसतो, आणि २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव उलटली ती आठवते. पूर नव्हता, पाऊस नव्हता, ती आपलीच वैनगंगा होती.

नकाशावर बघ. आपल्या जुन्या घाटावरचे पाणी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. तुझी पामुलगौतम इंद्रावतीला मिळते आणि इंद्रावती सोमनूरला त्याच गोदावरीत येते. पाचवीच्या मुलांना हे मी अनेक वर्षे शिकवले, पण त्यात आपला काही संबंध आहे हे आत्ता सुचले.

पोहायला शीक. मी शिकवायला हवे होते, शिकवले नाही, ही माझी चूक आहे आणि तिची शिक्षा तुला नको. फोनवर तू म्हणालीस की तिथली लहान मुलेही अशीच जातात. मान्य आहे, पण ती मुले चालायच्या आधी पोहतात. त्यांच्याच मोठ्या बहिणींना सांग, हिवाळ्यात पाणी उतरल्यावर, दिवसा, उथळ जागी शिकव म्हणावे. लाज वाटायचे कारण नाही; तू त्यांना औषध देतेस, त्या तुला हे देतील. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. शीक मात्र.

पार्सलात दोन लाइफ जॅकेट आहेत, नागपूरहून आणवली. तुमच्या कार्यालयाकडून कधी मिळतील याची वाट पाहू नकोस. एक तुझे, दुसरे पुढे बसलेल्या लेकराच्या मापाचे आहे. नावाड्याला विचारून ते डोंग्यातच ठेव. आजीने झिंग्यांची चटणी घातली आहे, झाकण घट्ट नाही, डबा उभा काढ. नावाडीदादांना माझा नमस्कार सांग आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर त्यांना उतराई दे, ते नको म्हणाले तरी दे.

जॅकेट मी अंगणात घालून पाहिले. तुझी आई हसून बेजार झाली आणि कपिली दोरी तोडून पळाली. तीन पट्टे आहेत. वरचे दोन सगळे लावतात. तिसरा दोन्ही पायांमधून घेऊन पुढे अडकवायचा असतो, तो अवघड वाटतो म्हणून लोक सोडून देतात. तो सोडलास तर पाण्यात जॅकेट वर निघून जाते आणि माणूस खाली राहतो. तिसरा पट्टा लाव.

तुझा,
बाबा