मनू, तुझ्या त्या विमानाच्या हिशोबाबद्दल

प्रिय मनू,

रविवारी कॉलवर सगळं आईच बोलली आणि मी मागे टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसलो, त्यामुळे तुला वाटलं असेल की बाबांना काही फरक पडत नाही. तसं नाहीये. त्या स्क्रीनसमोर मला सुचत नाही, आणि आई एकदा सुरू झाली की मध्ये घुसायला जागा नसते हे तुला वेगळं सांगायला नको. म्हणून टाइप करतोय. दादाने मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, एका बोटाने चाललंय, चुका सांभाळून घे.

आधीच सांगतो, तू गणपतीला यावंस म्हणून हे लिहीत नाहीये. तो विषय तुझा. तू मोठी आहेस, स्वतःच्या पैशाचं तिकीट काढतेस.

तू म्हणालीस की ॲमस्टरडॅम-मुंबई जाऊन-येऊन एका माणसाच्या वाटणीला टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड येतो, आणि इथला साधा माणूस अख्ख्या वर्षात साधारण २ टन सोडतो, म्हणजे पाच दिवसांच्या गणपतीसाठी एका माणसाचं सहा महिन्यांचं जाळून टाकायचं. आईला ते नाटक वाटलं, तिला वाटतं तुला यायचंच नाही म्हणून काहीतरी कारण शोधलंस. मला तसं वाटलं नाही. मी रात्री दादाकडून दोनदा तपासून घेतलं, आकडा बरोबर आहे. तिकडचा, नेदरलँड्सचा माणूस आपल्या तिपटीच्या आसपास सोडतो हेही त्याने दाखवलं. मग मला माझाच हिशोब काढावासा वाटला, आयुष्यभर एसटीचं स्टिअरिंग धरलं, किती डिझेल जाळलं असेल? पण मागे पन्नास माणसं, दाराशी लटकलेली वेगळी, कोंबड्या, दुधाचे कॅन. ते भागून काढायचं ना? एकदा काढून पाठव. गंमत म्हणून नाही, खरंच पाठव. रिटायर झाल्यावर माणसाला असले हिशोब सुचतात.

इकडे पाऊस बरा आहे. लावणी झाली. मागच्या अमावास्येच्या उधाणाला बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीकडच्या बांधावर, पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होतं. मी आणि नानाकाका रात्री बॅटरी घेऊन गेलो होतो. आईला ते आवडत नाही, गुडघ्याचं तुला माहितीच आहे. पण कोण जाणार मनू? पूर्वी उधाणाच्या रात्री बांधावर निम्मं गाव असायचं. आता तरुण पोरं पनवेलला, कंपनीत नाहीतर रिक्षावर, आणि जी गावात आहेत ती रील बघतात. आम्ही चार म्हातारे होतो. उघाडीपासून, त्या पाणी सोडायच्या फळ्यांच्या दरवाजापासून, थोडं पुढे, जिथे तू लहानपणी चप्पल हरवलीस ना, तिथे आतल्या बाजूने पाणी येताना दिसलं. बोटाएवढी धार. आधी बुडबुडे येतात, मग गढूळ पाणी, मग त्यात मातीचे कण दिसायला लागले की समजायचं आतून माती वाहतेय. चिंबोरीचं बीळ होतं. बाहेरून तोंड सापडेना, तेवढ्यात नानाने पाय घातला आणि म्हणाला सापडलं, मी पेंढ्याचा बोळा चिकणमातीत मळून दिला, त्याने टाचेने दाबला, वर आणखी माती, आणि भरती उतरेपर्यंत आळीपाळीने त्याच्यावर उभे राहिलो. तेवढंच काम. पण ते एक बीळ राहिलं असतं तर पहाटेपर्यंत खांड गेली असती, म्हणजे बांध फुटला असता, आणि एकदा खारं पाणी आत आलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय भात नाही.

मी हे घाबरवायला लिहीत नाहीये. तूच मागे सांगितलं होतंस की तिकडे मस्करॅट म्हणून उंदरासारखा प्राणी बांध पोखरतो आणि त्याला धरायला पगारी माणसं ठेवलीत. ते ऐकून मी हसलो होतो, पण मग दोन दिवस ते डोक्यातून जाईना. आपल्याकडे चिंबोरी, तिकडे उंदीर, काम एकच. आणि तुमचं ते पाण्याचं बोर्ड, तेराव्या शतकापासूनचं, त्याची वेगळी निवडणूक होते. आपल्याकडे जोळ होतीच की. ज्याची जेवढी जमीन आत तेवढे त्याचे हात बांधावर, कोणी आलं नाही तर गाव त्याला विचारायचं. माझे आजोबा सांगायचे की घरात मयत झालं तरी बांधाचा माणूस चुकवायचा नाही, कुणीतरी एक जायचंच. मग हे काम सरकारकडे गेलं. तेव्हापासून माणसं अर्ज करायला शिकली आणि माती उचलायची विसरली. माझे दोन अर्ज ज्या हापिसात पडलेत तिथला पंखा चालू असतो हे मी बघून आलोय, बाकी काही चालू दिसलं नाही.

तू तिकडे धरणं-बांध शिकायला गेलीस तेव्हा मी डेपोतल्या सगळ्यांना सांगितलं होतं. पेढे वाटले ते आईला माहीत नाही. सगळे विचारायचे मुलगी काय शिकते, कॉम्प्युटर का? मी म्हणायचो नाही, बंदिस्ती शिकते. कुणाला पटायचंच नाही की बंदिस्ती शिकायला कुणी परदेशात जातं. १९५३ साली तिकडे समुद्र आत आला आणि अठराशेच्या वर माणसं गेली, मग त्यांनी केवढे दरवाजे बांधले, त्याचे तू पाठवलेले फोटो माझ्या फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला आहेत. चहाच्या टपरीवर मी ते दाखवतो. टपरीवाला म्हणतो काका, आपली उघाडी दाखवा त्यांना. मी म्हटलं ती दाखवण्यासारखी राहिलीय का, फळ्या सडल्यात.

आता बघ, मी परत बांधावरच आलो.

खरं म्हणजे मला एवढंच विचारायचं होतं की फक्त या वर्षी नाही, की मग दरवर्षीच नाही? कारण तू म्हणालीस "प्रिन्सिपल म्हणून". प्रिन्सिपल म्हटलं की ते वर्षाला बदलत नाही. आपल्याच घरात बघ ना. माझे आजोबा चरीच्या संपात होते, १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या मागे, खोताची जमीन कसायची नाही म्हणजे नाही. हातातलं भात सोडून लाकडं फोडून विकली, मासे मारले, पण नांगर धरला नाही. पुढे १९३७ ला बाबासाहेबांनी खोती काढून टाकायचं बिल मांडलं ते अशा लोकांच्या जोरावर. आजी म्हणायची त्या वर्षांत घरात भाताचा कण नव्हता आणि म्हातारा तरी मिशीला पीळ देऊन बसायचा. तू कॉलवर "नाही म्हणजे नाही" म्हणालीस ना, तेव्हा मला तोच आठवला. आईला हे सांगायची सोय नाही. पण मनू, ते लोक शेत पडीक ठेवून बसले ते गावातच. गाव सोडून नाही गेले. हे तुला टोमणा म्हणून नाही लिहिलं. लिहिल्यावर टोमण्यासारखं दिसतंय, तर सोडून दे.

कांदळवनाचं तू बोललीस ते मला मान्य आहे, तिवरं कार्बन धरतात, लाटा अडवतात. बांधाच्या बाहेर तिवरं असली तर मला हवीच आहेत, धरमतरच्या खाडीतून बार्जेस जातात त्यांच्या लाटा तिवरं नाहीत तिथे सरळ बांधाला लागतात. पण आपली जी पट्टी होती, जिथे खांड गेली आणि भरली नाही, तिथे आता तिवरं डोक्याच्या वर गेलीत. २००५ च्या हायकोर्टाच्या आदेशापासून त्यांना हात लावता येत नाही, आणि लावूही नये म्हणा. सातबाऱ्यावर माझं नाव, भात मात्र तिथे पुन्हा होणार नाही. तुझ्या हिशोबात ते बहुतेक जमेला धरतील. मी त्याला जमा म्हणू की खर्च? आजीने लग्नाच्या पहिल्या वर्षी तिथे राता भाताची लावणी केली होती. तू इंजिनिअर आहेस, तूच सांग, भांडायला नाही विचारत, मला खरंच कळत नाही. गेल्या हिवाळ्यात तिथे बगळे बघितले, इतके की मी सायकल लावून उभा राहिलो. छान वाटलं. आणि वाईटही.

अटल सेतू झाल्यापासून एजंट लोक मोटारसायकलवर फिरतात. एक आला होता, नानाकाकाने त्याला चहा पाजला, मला आवडलं नाही. म्हणतो खारी जमीन, पाणी भरतं, कोण कसणार, पोरं तर परदेशात. मी म्हटलं माझी पोरगी पाण्याचंच शिकते. तो हसला आणि म्हणाला मग ती येणार आहे का काका? मी काही बोललो नाही. जितेंद्रच्या वडिलांनी सही केली, ते एक. दादा म्हणतो विकायचं का नाही ते सगळ्यांनी बसून ठरवू. सगळ्यांनी म्हणजे तूही.

मी असं लिहायचं नाही ठरवलं होतं. तुझ्या डोक्यावर जमिनीचं ओझं टाकायचं नाही, हे मी आणि आईने तू जाताना ठरवलं होतं, एअरपोर्टवर. शिक, नोकरी कर, तिकडे राहावंसं वाटलं तर राहा. शाकाहारी झालीस तेही चांगलंच, पण जिताड्याचं आंबट झालं की आई तुझं ताट घेते आणि मग परत ठेवते, ते बघवत नाही. सायकल चालवतेस, जुने कपडे घेतेस, मला अभिमान आहे, फक्त थंडीत नीट जेव. आणि सगळ्या जगाचा धूर आपल्या एकटीच्या अंगावर घेऊ नकोस. पनवेल ते पेण रोज किती गाड्या एकेका माणसाला घेऊन रांगेत उभ्या असतात ते मी बघितलंय, त्यांना कुणाला रात्री झोप लागत नाही असं नाही. तुला लागत नाही म्हणून आई रडते. हे लेक्चर झालं. माफ कर.

तुला माहीत आहे का, १९५७ साली लंडन ते कलकत्ता बस सुरू झाली होती? खरी प्रवासी बस, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत यायची. डेपोत आमच्यात त्याची चर्चा व्हायची, कुणी खरं मानायचं नाही. आता असती तर मी स्वतः तुला आणायला आलो असतो, गुडघा गेला खड्ड्यात. मॅप काढून बघितला मी. आताच्या दिवसांत त्या बाजूने कोण सोडणार.

तर माझं म्हणणं असं आहे. गणपतीला नको येऊस. पाच दिवसांत काय होतं, दोन दिवस जेट लॅग, एक दिवस मावशीकडे, बाकी आरत्या. मूर्ती शाडूची सांगितलीय, लहानच, विसर्जन तळ्यावर करू, त्याची काळजी नको. त्यापेक्षा दोन वर्षांनी एकदा ये पण राहायला ये, मार्च ते मे. तेव्हाच बांधाचं काम असतं, माती सुकलेली, उधाणं आवाक्यातली. तुझ्या कॉलेजला सांग की फील्डवर्क आहे, खोटं नाही ते, आपल्या खारेपाटातल्या, या खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या बांधांवर अभ्यास करायला तिकडून माणसं येतील असे हे बांध आहेत. एका फेरीत तीन महिने. तुझा तो टन तीन महिन्यांवर भागला की किती पडतो बघ. चिंबोरीची बिळं कशी ओळखायची ते मी दाखवतो, ते तुमच्या पुस्तकात नसणार. आणि तुमचे लोक उंदरासाठी जाळी लावतात का आणखी काही, ते तू आम्हाला दाखव. उघाडीच्या फळ्यांचं माप मी घेऊन ठेवलंय, लाकडाऐवजी काही स्वस्तातलं चालेल का ते विचारून ठेव, खाऱ्या पाण्यात टिकणारं.

पटलं तर कळव. नाही पटलं तरी कळव, पण "बघू" म्हणू नकोस, बघू म्हटलं की आईला ते नाहीच वाटतं, आणि मलाही.

बँकेवाले तुझ्या जॉइंट खात्याचं केवायसी मागतायत, पासपोर्टची कॉपी दादाला पाठव. गणपतीचं मी आईशी अजून बोललेलो नाही. ते तूच सांग, तुझं ती ऐकते.

तुझे,
बाबा