तिकडं गणित सोपं असतं म्हणे!

संपादक, स.न.वि.वि.

सुट्टीला कराडला आलो की एक प्रश्न ठरलेला, "काय रे, तिकडं पोरांना गणित एकदम सोपं असतं म्हणे?" इतकी वर्षं हसून सोडून द्यायचो, पण आता पोरगी बारावीत आहे, कॉलेजचे फॉर्म भरून झालेत, म्हणून इथं अमेरिकेतून, न्यू जर्सीहून एकदा लिहूनच टाकतो.

आपल्याकडे सायन्सला गणित घेतलं की बारावीत डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आलंच, तालुक्याच्या कॉलेजातसुद्धा, शेवटी 'अधिक सी' लिहायचं राहिलं की सर अर्धा मार्क कापायचे ते अजून आठवतंय. इथं साधारण निम्म्याच हायस्कुलांत हे, म्हणजे कॅल्क्युलस, शिकवतात. आणि जिथं आहे तिथंही आठवीत अल्जेब्रा वन, मग जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस असं करत करत बारावीला नंबर लागतो, म्हणजे आठवीत अल्जेब्रा नाही मिळाला तर पुढं कुठल्यातरी उन्हाळ्यात पदरचे पैसे घालून ते वर्ष भरून काढा. आठवीत अल्जेब्रा कुणाला द्यायचा त्याची टेस्ट आमच्याकडे सातवीत झाली, पोरगी बारा वर्षांची, आदल्या रात्री तिच्या ताटाशेजारी वर्कशीट मीच ठेवलेलं, वरणभात गार होऊन गेला, खोटं कशाला बोलू.

बरं, बहुतेक कॉलेजांच्या नियमात 'कॅल्क्युलस हवंच' असं लिहिलेलंही नसतं. एमआयटी सांगते करून या म्हणून, ते इंजिनिअरिंगवाल्यांना ठीकच आहे. पण माझ्या पोरीला नर्सिंगला जायचंय, तिला स्टॅटिस्टिक्स घ्यायचं होतं, तर शाळेतल्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, "एपी कॅल्क्युलस (शाळेतच शिकवतात तो कॉलेजच्या पातळीचा कोर्स) असलं तर अर्जावर चांगलं दिसतं." दिसतं! उद्या औषधांचे रिसर्च वाचताना जे लागणार ते बाजूला ठेवून दिसण्यासाठी विषय घ्यायचा. घेतला, आम्हीपण घाबरटच.

कॅल्टेक या कॅलिफोर्नियातल्या सायन्स-इंजिनिअरिंगच्या कॉलेजनं 2023 मध्ये त्यातल्या त्यात बरं केलं, ज्यांच्या शाळेत कॅल्क्युलस नाहीच त्यांना ऑनलाइन शिकवणाऱ्या खान अ‍ॅकॅडमीसारख्या ठिकाणी शिकून परीक्षा देऊन दाखवायची मुभा दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी मात्र 2014 ला सगळ्यांना सारखं म्हणून आठवीतला अल्जेब्राच काढून टाकला, मग ज्यांना परवडतं त्यांनी बाहेरून केला, शेवटी मार्च 2024 मध्ये मतदारांनीच तो परत आणा म्हणून कौल दिला.

परवा काकूचा फोन आला, परत तोच प्रश्न. पोरगी शेजारीच इंटिग्रेशन करत बसलेली, फोन तिच्याच हातात दिला.

– एक वाचक, न्यू जर्सी